कुंड्यांना आपोआप पाणी: आधी नळ बंद होण्याची सोय करा

मोबाइलवरून नळ सुरू करून दाखवणं ही एका दुपारची गंमत आहे. तोच नळ रोज, तुम्ही गावाला गेलेले असताना, वीज गेली-आली तरी आणि वाय-फाय बंद पडलं तरी वेळेवर बंद होणं, हे खरं काम. नळ सुरूच झाला नाही तर एखाद-दोन दिवस झाडं माना टाकतील, पाणी मिळालं की बहुतेक सावरतील. रात्रभर उघडा राहिला तर सोसायटीची टाकी रिकामी होते, खालच्या घराच्या छताला ओल येते आणि सकाळी दारात आलेले काका बागेबद्दल चांगलं बोलायला आलेले नसतात. म्हणून इथला क्रम असा: आधी पाण्याची जोडणी, मग ते बंद होण्याची व्यवस्था, आणि 'स्मार्ट' सगळ्यात शेवटी.

उदाहरणादाखल आपल्याकडची नेहमीची गच्ची धरू. पंचवीस-तीस कुंड्या, शेजारी चबुतऱ्यावर टाकी, टाकीतून आलेला अर्धा इंची नळ. घरातली उपकरणं चालवायला होम असिस्टंट ही मोफत आणि मुक्त प्रणाली, आणि नळापाशी ईएसपी३२ नावाचं, वाय-फायवर बोलणारं चारपाचशे रुपयांचं छोटं सर्किट. होम असिस्टंट २०१३ साली पॉलस शाउटसेनने सुरू केलं. ते घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं आणि त्याला कुठल्या कंपनीच्या सर्व्हरची गरज लागत नाही. पाण्याच्या कामाला मला हेच महत्त्वाचं वाटतं. इंटरनेट बंद आहे म्हणून तुळस सुकली, हे कारण घरात कुणी ऐकून घेत नाही.

ठिबक बसवा, पण आधी दाब बघा

ऑनलाइन मिळणारे रंगीत 'गार्डन किट' विकत घेण्याआधी जवळच्या ठिबकच्या दुकानात किंवा कृषी सेवा केंद्रात एक चक्कर मारा. जळगावच्या केळीपासून नाशिकच्या द्राक्षांपर्यंत महाराष्ट्र ठिबकवर पिकतो, त्यामुळे तालुक्याच्या गावीही हा माल सुटा मिळतो. लागेल ते इतकंच: १६ मिलिमीटरची काळी लॅटरल (मुख्य नळी), ४ मिलिमीटरची मायक्रो ट्यूब (कुंडीपर्यंत जाणारी बारीक नळी), भोक पाडायचा पंच, ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी), एंड कॅप (नळीच्या टोकाचं बूच), दोन-चार एल्बो आणि टी, एक जाळीचा फिल्टर आणि टेफ्लॉन टेप. नळी काळीच घ्या. पारदर्शक नळीत उजेड जातो, आत शेवाळ धरतं आणि ते सुटून ड्रिपरमध्ये अडकतं. फिल्टर १२० मेशचा पुरतो, पण तो हवाच. टाकीच्या तळाचा गाळ आणि बोअरच्या पाण्यातले कण ड्रिपरचं बारीक तोंड लगेच बंद करतात.

आता दाब. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. टाकी गच्चीवरच असेल, एक मीटर चबुतरा आणि आत एक मीटर पाणी, तर जमिनीवरच्या कुंडीपाशी मिळतात जेमतेम ०.२ बार. टाकी निम्मी झाली की त्याहून कमी. ड्रिपरवर '४ लिटर प्रति तास' असं लिहिलेलं असतं ते १ बारला. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो, म्हणजे ०.२ बारला तोच ड्रिपर ताशी १.८ लिटरच्या आसपास देईल. दुकानदार 'दाब नियंत्रित' ड्रिपर पुढे करेल. उताराच्या शेतात ते उत्तम, पण इतक्या कमी दाबावर ते धड चालत नाहीत. इथे साधेच घ्या.

कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. नळीवरचा पहिला आणि शेवटचा ड्रिपर निवडा, दोन्हीखाली स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं ठेवा, दहा मिनिटं पाणी सोडा. पहिल्यात ३०० मिलिलिटर जमलं तर तो ताशी १.८ लिटर देतोय. शेवटच्यात २५० असेल तर चालेल. १५० असेल तर नळी फार लांब झाली आहे किंवा मध्ये कुठे दबली आहे. दोन फाटे करा किंवा पाणी मधोमध आणून दोन्ही बाजूंना वाटा. मग कुंडीची गरज बघा. बारा इंची कुंडीला एप्रिलच्या उन्हात साधारण एक ते दीड लिटर लागतं, पण खरा निकष कुंडीच्या बुडाचं भोक. तिथून पाणी नुकतं झिरपायला लागलं की पुरे. लिटरभर द्यायचं तर वरच्या मापाने तेहतीस मिनिटं झाली. सलग दिलंत तर कोकोपीटच्या कडेने बरंचसं खाली निघून जातं. सतरा-सतरा मिनिटांचे दोन हप्ते करा, मध्ये अर्धा तास सोडा.

कढीपत्ता, जास्वंद, टोमॅटो यांना दोन-दोन ड्रिपर, निवडुंग आणि कोरफडीला एकही नको. या मंडळींना ठिबकवर घेतलंत तर ती कुजतात.

हे सगळं हाताने नळ फिरवून आठवडाभर चालवा. गळती, निसटलेली नळी, उपाशी राहिलेली कुंडी सगळं याच आठवड्यात दिसतं. जी जोडणी हाताने नीट चालत नाही ती संगणकानेही चालत नाही.

व्हॉल्व्ह निवडताना

नवखे इथेच सगळ्यात जास्त अडकतात. बाजारात स्वस्तात मिळणारा १२ व्होल्टचा अर्धा इंची प्लॅस्टिकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, हा वॉशिंग मशीनमधल्या व्हॉल्व्हचाच भाऊबंद. त्याच्या अंगावर बहुधा ०.०२ ते ०.८ एमपीए असं छापलेलं असतं. ०.०२ एमपीए म्हणजे ०.२ बार. आतला रबरी पडदा पाण्याच्याच दाबाने उघडतो आणि मिटतो. तेवढा दाब नसेल तर 'टक्' असा आवाज येतो, पाणी मात्र करंगळीएवढंही येत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे नीट मिटत नाही. आपली टाकी निम्मी झाली की आपण नेमके त्या मर्यादेखाली असतो. माणसं मग कोड तपासत बसतात आणि दोष असतो पाण्याच्या उंचीत.

यातून तीन वाटा आहेत.

टाकी तुमच्यापेक्षा तीन-चार मजले वर असेल आणि बाग बाल्कनीत असेल तर प्रश्नच मिटला. साधा सोलेनॉइड लावा, 'नॉर्मली क्लोज्ड' जातीचा, म्हणजे वीज नसताना बंद राहणारा. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने.

टाकी गच्चीवरच असेल तर मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्या. तो शून्य दाबालाही चालतो आणि पूर्ण उघडतो. त्याचा एक दुर्गुण आहे: साधा प्रकार वीज गेली की आहे त्याच स्थितीत थांबतो. उघडा असताना वीज गेली तर उघडाच. त्यामुळे वीज गेल्यावर स्वतःहून मिटणारा, 'ऑटो रिटर्न' प्रकारच मागा. थोडा महाग पडतो, पण इथे काटकसर नको.

तिसरी वाट ड्रम आणि पंपाची. बॅटरीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टचा डायफ्राम पंप असतो, तो सुटा मिळतो आणि दाब भरपूर देतो. ड्रिपर कमी असतील तर त्याचं दाबाचं बटण सारखं चालू-बंद होऊन पंप धकधकत राहील. तेव्हा एक बारीक नळी परत ड्रममध्ये सोडा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच: ड्रममधल्या पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा वर असेल तर पंप बंद झाल्यावरही वक्रनळीसारखं पाणी वाहतच राहतं. पंपातल्या झडपा पुढे जाणाऱ्या पाण्याला अडवत नाहीत. एकतर ड्रम कुंड्यांपेक्षा खाली ठेवा, नाहीतर पंपानंतर साधा सोलेनॉइड बसवा. आता दाब आहे, त्यामुळे तो नीट चालेल.

काहीही निवडलंत तरी शेजारून हाताने फिरवायच्या कॉकची एक बायपास वाट ठेवा आणि सगळ्याच्या आधी, टाकीकडच्या बाजूला, एक मुख्य कॉक. बॅटरीवर चालणारे तयार झिगबी (घरातल्या उपकरणांची एक बिनतारी पद्धत) व्हॉल्व्हही मिळतात, तोटीला लावले की झालं. वायरिंगचा कंटाळा असेल त्यांनी ते जरूर घ्यावेत. मात्र आधी दोन गोष्टी विचाराव्यात: किमान दाब किती लागतो, आणि जास्तीत जास्त किती वेळ उघडा राहायचं ही मर्यादा खुद्द व्हॉल्व्हमध्ये साठवता येते का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर परत ठेवून द्या.

वायरिंग

गच्चीवर २३० व्होल्ट नेऊच नका. १२ व्होल्ट २ ॲम्पिअरचा अडॅप्टर घरात किंवा जिन्यातल्या कोरड्या जागी ठेवा आणि तिथून दोन तारांची केबल बाहेर काढा. ईएसपी३२ला ५ व्होल्ट हवेत, त्यासाठी १२चे ५ व्होल्ट करणारा एक छोटा बक कन्व्हर्टर. सर्किट आणि रिले (सर्किटच्या हुकुमावर चालू-बंद होणारा विजेचा स्विच) पाण्यापासून जपणाऱ्या डब्यात, केबलची तोंडं डब्याच्या खालच्या बाजूला. वरून आत शिरलेल्या केबलच्या अंगावरून पावसाचं पाणी सरळ आत उतरतं.

व्हॉल्व्हची तार रिलेच्या 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' या दोन टोकांवर जोडा, म्हणजे रिले मेला तर वीज तुटते. सोलेनॉइडच्या दोन तारांवर १एन४००७ डायोड आडवा लावा, पांढरी पट्टी धन बाजूला. व्हॉल्व्ह बंद होताना गुंडाळीतून उलटा झटका येतो, तो या डायोडने जिरतो. नाहीतर सर्किट अधूनमधून कारणाशिवाय रीस्टार्ट होत राहतं. ईएसपी३२वर रिलेसाठी २५, २६ किंवा २७ क्रमांकाची पिन घ्या. ०, २, १२ आणि १५ या पिना सुरू होतानाच्या कामासाठी वापरल्या जातात, तिथे रिले लावला की वीज आल्या आल्या क्षणभर टकटक होते किंवा सर्किट सुरूच होत नाही. शिवाय बरेच स्वस्त रिले उलटे चालतात, म्हणजे पिन खाली गेली की चालू. तसं असेल तर सेटिंगमध्ये पिन 'इन्व्हर्टेड' करा.

वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. स्लॅबमधून सिग्नल फार क्षीण होतो, म्हणून डबा कायमचा ठोकण्याआधी मोबाइल त्याच जागी धरून बघा.

होम असिस्टंट आणि ईएसपीहोम

होम असिस्टंटसाठी रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा छोटा संगणक पुरतो, पडून असलेला जुना लॅपटॉपही चालेल. रास्पबेरी पायच्या इमेजर सॉफ्टवेअरमध्येच होम असिस्टंटचा पर्याय आहे; मेमरी कार्डवर उतरवा, राउटरला केबलने जोडा, थोडा वेळ थांबा आणि ब्राउझरमध्ये homeassistant.local:8123 हा पत्ता उघडा. सुरुवातीलाच घराचं ठिकाण नकाशावर अचूक लावा. सूर्योदयाची वेळ आणि हवामान त्यावरूनच ठरतं.

त्यानंतर होम असिस्टंटमध्ये ईएसपीहोम डिव्हाइस बिल्डर बसवा; ईएसपी३२ने काय करायचं ते यात लिहायचं आणि त्यावर चढवायचं. ईएसपी३२ पहिल्या वेळी यूएसबी केबलने जोडावं लागतं, पुढचे सगळे बदल वाय-फायवरून जातात. केबल फक्त चार्जिंगची नसावी, डेटाचीही असावी.

आता मुख्य भाग. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचं पहिलं ऑटोमेशन, म्हणजे आपोआप चालणारा नियम, असं असतं: सकाळी सहाला व्हॉल्व्ह चालू, वीस मिनिटं थांबा, व्हॉल्व्ह बंद. दिसायला बरोबर आहे. पण होम असिस्टंटमधलं हे 'थांबा' रीस्टार्टनंतर टिकत नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली, रास्पबेरी पाय बंद पडून पुन्हा उठला, तर उरलेलं ऑटोमेशन तो विसरलेला असतो. ईएसपी३२ इन्व्हर्टरवर असेल तर व्हॉल्व्ह मात्र उघडाच. आता तो बंद करायला कुणी येणार नाही.

म्हणून बंद करण्याची जबाबदारी नळापाशी बसलेल्या ईएसपी३२वर टाका. ईएसपीहोमच्या फाइलमध्ये या गोष्टी लिहा:

१. रिलेचा 'रिस्टोअर मोड' ऑल्वेज ऑफ. वीज परत आली की व्हॉल्व्ह बंद अवस्थेतच सुरू होईल.

२. रिले चालू झाला की 'ऑन टर्न ऑन'खाली ठरावीक मिनिटांचा विलंब आणि त्यानंतर टर्न ऑफ. मिनिटांचा आकडा 'नंबर' म्हणून बाहेर काढा, म्हणजे मोबाइलवरून सतराचे वीस करता येतात. त्याची कमाल मर्यादा तीसच्या वर ठेवू नका.

३. दोन व्हॉल्व्ह असतील तर 'इंटरलॉक', म्हणजे एका वेळी एकच उघडेल आणि दाब विभागला जाणार नाही.

४. एपीआय (होम असिस्टंटशी बोलण्याचा भाग) याखालचा 'रीबूट टाइमआउट'. काही लिहिलं नाही तर तो १५ मिनिटं असतो: तेवढा वेळ होम असिस्टंटशी संपर्क झाला नाही की ईएसपी३२ स्वतःला रीस्टार्ट करतं. चालू पाणी मध्येच थांबतं, ते आपल्या पथ्यावरच पडतं. पण पुढे वेळापत्रकही ईएसपी३२मध्येच ठेवणार असाल तर हा आकडा शून्य करा.

आता होम असिस्टंटकडे फक्त चालू करणं उरलं. सेटिंग्जमधून ऑटोमेशन्समध्ये जा, नवीन तयार करा. ट्रिगर सूर्योदय, अर्धा तास आधी. अट पुढे सांगतो. कृती: व्हॉल्व्ह चालू. इथे विलंब लिहायचाच नाही. दुसऱ्या हप्त्यासाठी सूर्योदयानंतर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरं ऑटोमेशन. पहाटेच का? ऊन नसतं, वारा कमी असतो, माती दिवसभरासाठी भरून राहते. तुमच्याकडे पहाटे भारनियमन असेल तर वेळ बदला, त्यात कमीपणा नाही.

मुद्दाम बिघडवून पाहा

सगळं जोडून झालं की सुट्टीच्या दिवशी मिनिटांचा आकडा तीनवर आणा आणि एकेक तपासा. पाणी चालू करून राउटर बंद करा: तीन मिनिटांनी थांबलं पाहिजे. पुन्हा चालू करून रास्पबेरी पायची वायर काढा: थांबलं पाहिजे. मग पाणी वाहत असताना १२ व्होल्टचा अडॅप्टर उपटा: लगेच थांबलं पाहिजे, आणि परत लावल्यावर सुरू होता कामा नये. शेवटी मोबाइलवरचं बटण पाचसहा वेळा भराभर दाबा, घरातली मुलं एरवी ते करणारच आहेत. यातलं एकही चुकलं तरी गावाला जाऊ नका.

पंपवाल्यांनी आणखी एक करावं: ड्रममध्ये तळाशी फ्लोट स्विच लावावा आणि पाणी संपलं की पंप थांबावा अशी अट ईएसपी३२मध्येच घालावी.

प्रवाह मोजायला वायएफ-एस२०१ हा मीटर सगळीकडे सुचवला जातो. तो मिनिटाला १ ते ३० लिटरसाठी आहे. आपल्या तीस ड्रिपरचा एकूण प्रवाह मिनिटाला लिटरभराच्या आतच, म्हणजे त्याच्या अगदी तळाशी. तो कधी फिरेल, कधी नाही. यापेक्षा शेवटच्या कुंडीकडे बघणं स्वस्त.

पाऊस आणि मातीचा ओलावा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रश्न फारसा गुंतागुंतीचा नसतो. होम असिस्टंटच्या हेल्पर्समध्ये 'पावसाळा' नावाचा टॉगल (चालू-बंदचं बटण) करा आणि ऑटोमेशनला अट घाला: पावसाळा बंद असेल तरच पाणी. मृग बरसला की टॉगल चालू, ऑक्टोबरचं ऊन तापलं की बंद. अंदाजावर आधारलेले हुशार नियम मी इथे वापरत नाही. एप्रिल-मे महिन्यातला वळवाचा पाऊस पुण्यात कात्रजला कोसळतो आणि औंधला थेंब पडत नाही. अंदाजावर विसंबून पाणी बंद ठेवलं तर झाडं मरतात. फक्त छज्ज्याखालच्या कुंड्यांना भर श्रावणातही पाऊस मिळत नाही, त्यांचा व्हॉल्व्ह वेगळा आणि टॉगलपासून मुक्त ठेवा.

ओलाव्याचा सेन्सर घ्यायचाच असेल तर कपॅसिटिव्ह घ्या. दोन उघड्या धातूच्या काड्यांचा स्वस्त प्रकार मातीत काही आठवड्यांत गंजतो. कपॅसिटिव्हच्याही कापलेल्या कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं. तो ३२ ते ३९ मधल्या पिनवर जोडा, कारण ईएसपी३२च्या बाकीच्या ॲनालॉग पिना वाय-फाय चालू असताना भरवशाच्या नसतात. आकडे तुमच्याच मिश्रणात ठरवा: कोरड्या कुंडीत एक वाचन, भिजवून पाणी निथळल्यावर दुसरं. लाल मातीचे आकडे कोकोपीटला लागू पडत नाहीत. आणि एक सेन्सर एकाच कुंडीचं सांगतो. त्याला पाणी सुरू करायचा हक्क देऊ नका, फक्त 'आज नको' म्हणायचा द्या. तुटलेल्या वायरीमुळे सेन्सर जन्मभर कोरडं कोरडं म्हणत राहिला तरी मग बिघडत नाही.

देखभाल

महिन्यातून एकदा फिल्टरची जाळी धुवा आणि एंड कॅप काढून नळीतून मिनिटभर जोरात पाणी जाऊ द्या. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. सुटे करून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका, सकाळी धुऊन परत लावा. मार्च ते मे मिनिटं वाढवा किंवा संध्याकाळी तिसरा हप्ता द्या, विदर्भात तर तो लागतोच. डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच झाडांना एक दिवसाआड पुरतं. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ रिलेच्या स्क्रूवर हिरवट गंज चढतो, तिथे डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती बदलत जा.

बाहेरगावी जाण्याआधी शेजारच्या काकूंना गच्चीवर नेऊन दोन कॉक दाखवा. मुख्य कॉकला लाल रंग, बायपासला हिरवा, दोन्हींवर जाड पेनाने 'बंद' आणि 'चालू'ची दिशा. पाणी थांबत नसेल तर लाल फिरवायचा, झाडं सुकलेली दिसली तर हिरवा अर्धा तास उघडायचा. त्यांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून देऊ नका.